मागच्या दाराचं कुलूप

सुरुवातीलाच एक छोटासा व्हायवा! आत्ता तुम्ही जिथे बसून हे वाचताय, मग ती रीडिंग रूम असो, ड्रॉइंग हॉल असो की हॉस्टेलचा तिसरा मजला, तिथून रोजचा जिना सोडून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता? आणि असला, तर त्याच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते?

बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाला अडकतील. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं आहे : वॉचमनकाकांकडे, नाहीतर ऑफिसात. मागच्या दाराला कुलूप का असतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. बाहेरची माणसं आत शिरू नयेत, लॅबमधलं सामान जाऊ नये, हॉस्टेलची पोरं रात्री पसार होऊ नयेत. कारणं सगळी पटण्यासारखी. गंमत म्हणजे ११० हून जास्त वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका कारखान्यातही असंच पटण्यासारखं कारण देऊन एका दाराला कुलूप लावलेलं होतं. त्या कुलपामुळे काय झालं हे एका बाईंनी रस्त्यावर उभं राहून पाहिलं आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी त्यातून काढलेला धडा लोकांच्या गळी उतरवण्यात घालवलं. त्या बाई म्हणजे फ्रान्सिस पर्किन्स. अमेरिकेच्या इतिहासातल्या पहिल्या महिला मंत्री म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. पण आपल्यासारख्या कॅम्पसवर राहणाऱ्यांनी त्यांना ओळखायला हवं ते वेगळ्याच कारणासाठी.

फ्रान्सिसचा जन्म १० एप्रिल १८८० चा, बॉस्टनचा. पाळण्यातलं नाव फॅनी. वडिलांचा वह्या-कागदांचा, म्हणजे स्टेशनरीचा धंदा होता. वुस्टर गावात ती वाढली. घर खाऊनपिऊन सुखी, वळण जुनं. गरिबी म्हणजे आळसाचं फळ, असं मानणारं वातावरण. माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात तिने प्रवेश घेतला आणि विषय निवडले फिजिक्स आणि केमिस्ट्री! म्हणजे तशी ती आपल्याच जातकुळीतली.

पण तिला वळण लावलं ते सायन्सच्या नाही, तर आर्थिक इतिहासाच्या एका मॅडमनी. ॲना मे सोल त्यांचं नाव. त्या विद्यार्थिनींना जवळच्या गिरण्या बघायला पाठवायच्या. आपणही इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो; पण बसमधली अंताक्षरी आणि शेवटी मिळणारा वडापाव सोडला तर त्यातलं किती लक्षात राहतं? फ्रान्सिसच्या मात्र डोक्यात ते पक्कं बसलं. चांगल्या कष्टाळू घरातला कर्ता माणूस यंत्रात हात गमावतो आणि घर रस्त्यावर येतं, यात आळसाचा संबंध कुठे आला? अपघात होतो तो बऱ्याचदा कुणीतरी आधी काहीतरी न केल्यामुळे, हे तिला तिथे कळलं.

१९०२ साली ती पदवीधर झाली, वर्गाची अध्यक्ष म्हणून. मग शिकागोजवळच्या एका मुलींच्या शाळेत शिकवणं, सुट्टीच्या दिवशी गरीब वस्तीतल्या हल हाउस संस्थेत काम, फिलाडेल्फियात नोकरी, असं करत करत ती न्यूयॉर्कला पोचली. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. झाली आणि न्यूयॉर्क कन्झ्युमर्स लीग या संस्थेची सचिव झाली. काम काय, तर तळघरातल्या बेकऱ्या आणि कारखाने पालथे घालायचे आणि जे दिसेल ते लिहून काढायचं. फायर सेफ्टी हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा ही तिशीतली बाई जिने मोजत फिरत होती.

आणि मग २५ मार्च १९११ चा तो शनिवार उजाडला.

त्या दिवशी दुपारी फ्रान्सिस वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका ओळखीच्या बाईंकडे चहाला गेली होती. बाहेर आगीच्या बंबांच्या घंटा वाजू लागल्या, आरडाओरडा ऐकू आला. ती चौक ओलांडून धावत गेली. समोर होती दहा मजली ॲश बिल्डिंग. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल वेस्ट कंपनीचा बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना होता. सुमारे ५०० कामगार, बहुतेक परदेशातून आलेल्या गरीब घरच्या मुली, बऱ्याचशा आपल्या एफ. ई. च्या वयाच्या, काही तर त्याहून लहान. पगाराचा दिवस. सुटायला जेमतेम पाच मिनिटं होती.

आठव्या मजल्यावर कापायच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. आठव्याने दहाव्याला फोन करून कळवलं. दहाव्यावरचे जवळजवळ सगळे गच्चीवर गेले आणि वाचले. मधल्या नवव्या मजल्याला कुणीच कळवलं नाही! त्यांना कळलं ते ज्वाळा खिडकीत आल्यावर. नवव्यावरून उतरायला दोन जिने होते. एकात आग शिरली. दुसऱ्याच्या दाराला कुलूप! कारण? सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने बाहेर पडावं आणि पहारेकऱ्याला पर्स उघडून दाखवावी, कुणी कापड चोरून नेऊ नये. बाहेरच्या बाजूला एक लोखंडी फायर एस्केप होता, तो माणसांच्या भाराने कोसळला. बंब आले, पण त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. लिफ्टवाल्यांनी जिवावर उदार होऊन जमतील तेवढ्या फेऱ्या मारल्या, त्याही थांबल्या. मग मुली खिडक्यांमध्ये उभ्या राहिल्या. खालच्या गर्दीत उभ्या असलेल्या फ्रान्सिसने त्यांना पडताना पाहिलं.

अर्ध्या तासात सगळं आटोपलं. १४६ माणसं गेली. त्यात १२३ बायका आणि मुली होत्या.

या कहाणीत कॉलेजची पोरंही आहेत, आणि ती चांगल्या बाजूला आहेत. शेजारच्या इमारतीत न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं लॉ कॉलेज होतं. तिथे फ्रँक सॉमर नावाच्या प्राध्यापकांचं लेक्चर चालू होतं. ते सोडून सर आणि विद्यार्थी गच्चीवर धावले, तिथे पडलेल्या शिड्या ॲश बिल्डिंगच्या गच्चीवर टाकल्या आणि अडकलेल्या माणसांना वर ओढून घेतलं. कितीतरी जीव त्या शिड्यांवरून वाचले. पण लक्षात घ्या, वाचले ते गच्चीपर्यंत पोचलेले. कुलपामागे राहिलेल्यांसाठी कुणाचंच धाडस उपयोगी पडलं नाही.

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू. ही इमारत फायरप्रूफ म्हणून बांधलेली होती आणि खरोखरच ती होती. भिंती, मजले, सगळं जागच्या जागी राहिलं. जळाली ती आतली माणसं आणि आतला माल. म्हणजे स्ट्रक्चर पास, डिझाइन नापास! दारं आतल्या बाजूला उघडणारी होती, कारण जिन्याचं लँडिंग इतकं अरुंद होतं की दार बाहेर उघडायला जागाच नव्हती. आत उघडणाऱ्या दारावर घाबरलेल्या माणसांचा लोंढा आदळला, की ते उघडतच नाही. मागून दाब येतो आणि पुढचा माणूस दारावर चेपला जातो. स्प्रिंकलर तेव्हा बाजारात मिळत होते, बसवले नव्हते. फायर ड्रिल कधीच झाली नव्हती. आणि कुलपाचं म्हणाल, तर १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागून ६०० हून जास्त माणसं मेली होती, त्यानंतर अमेरिकेत पॅनिक बार निघाला होता. दाराला आडवा दांडा. बाहेरून दार बंदच, पण आतून नुसता ढकलला की उघडतो. किल्ली नको, कडी शोधायला नको, अंधारातही चालतं. चोरीची भीती आणि जिवाची भीती या दोन्हींवर एकच उत्तर, आणि तेही ट्रँगलच्या आगीच्या तीन वर्षं आधी, १९०८ मध्ये बाजारात आलेलं!

कारखान्याच्या मालकांवर खटला चालला. दाराला कुलूप आहे हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. ते झालं नाही. डिसेंबर १९११ मध्ये दोघेही सुटले. लोक चिडले, रडले आणि हळूहळू आपापल्या कामाला लागले. कुठल्याही दुर्घटनेनंतर होतं तसंच. मेणबत्त्या विझल्या की विषय संपतो.

फ्रान्सिसचा मात्र संपला नाही. आणि तिचं वेगळेपण इथेच आहे. तिने मालकांना शिव्या देत बसण्यापेक्षा कुलूप लावता येणारच नाही अशी व्यवस्था करायचं ठरवलं. शहरातल्या लोकांनी एक सेफ्टी कमिटी काढली होती, थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिफारशीवरून तिची ती सचिव झाली. राज्य सरकारने १९११ मध्येच कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही मुरलेले राजकारणी. आयोग म्हटलं की टेबल, फायली आणि चहा! पण पर्किन्सबाईंनी (आता त्यांना बाई म्हणायलाच हवं) या साहेबांना टेबलावरून उठवलं. रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांत राबणारी लहान पोरं दाखवली. एका कारखान्यात तर खुद्द वॅग्नरसाहेबांना भिंतीतल्या एका छोट्या भोकातून सरपटत बाहेर जायला लावलं. पलीकडे बर्फाने माखलेली उभी लोखंडी शिडी होती, आणि ती जमिनीच्या १२ फूट वरच संपत होती. कागदावर तिचं नाव होतं फायर एस्केप!

असं इन्स्पेक्शन झाल्यावर रिपोर्ट वेगळाच होणार ना? पुढच्या दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्क राज्यात कामगारांच्या सुरक्षेचे तीसहून जास्त कायदे झाले. माणसं आत असताना दाराला कुलूप नाही. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. फायर ड्रिल सक्तीची. उंच कारखान्यांत स्प्रिंकलर. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट : एका मजल्यावर किती माणसं बसवायची, हे जागा किती आहे त्यावर ठरणार नाही, तर बाहेर पडायची वाट किती रुंद आहे त्यावर ठरेल. एका माणसाच्या खांद्यांची रुंदी २२ इंच धरून जिना मोजायची रीत अमेरिकेत रुळली. आपल्याकडच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही पुष्कळ वर्षं ५० सेंटीमीटरचं युनिट याच विचाराने वापरलं गेलं. सिव्हिलवाल्यांनी हे पाठ केलं असेल. पण त्या आकड्यामागे माणसाचे खांदे आहेत, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

१९१३ मध्ये पर्किन्सबाईंनी पॉल विल्सन या अर्थतज्ज्ञाशी लग्न केलं, पण आडनाव बदललं नाही. त्या काळात हे धाडसच होतं. एक मुलगी झाली. पुढे नवऱ्याला मानसिक आजाराने गाठलं आणि घर चालवायची जबाबदारी बाईंवर आली. त्याचं त्यांनी कधी भांडवल केलं नाही. १९१९ मध्ये अल स्मिथ गव्हर्नर झाले आणि त्यांनी बाईंना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमलं. १९२९ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर झाल्यावर त्यांनी राज्याचं सगळं कामगार खातंच हाती दिलं. आणि १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा पर्किन्सबाई देशाच्या कामगार मंत्री झाल्या. सलग १२ वर्षं, १९४५ पर्यंत. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा, म्हणजे म्हातारपणी पेन्शन आणि बेकारीत आधार. १९३८ चा कायदा, ज्याने कमीत कमी मजुरी ठरली, कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि कारखान्यांतल्या बालमजुरीला आळा बसला. या सगळ्यामागे त्यांचे कष्ट होते. टीकाही भरपूर झाली. १९३९ मध्ये तर त्यांच्यावर महाभियोग आणायचा प्रयत्न झाला, तो बारगळला. त्या शांतपणे आपलं काम करत राहिल्या.

आयुष्याच्या शेवटी बाई पुन्हा कॅम्पसवर आल्या. कॉर्नेल विद्यापीठात त्या शिकवू लागल्या आणि १९६० पासून चक्क टेल्युराइड हाउस या विद्यार्थ्यांच्या निवासात राहिल्या. ऐंशीच्या घरातली माजी मंत्री आणि आसपास विशीतली पोरं! १४ मे १९६५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ५ एप्रिल १९६७ च्या पहाटे त्याच कॉर्नेल विद्यापीठाच्या एका निवासी इमारतीला आग लागली. आठ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक मृत्युमुखी पडले. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. ज्या बाईंनी अख्ख्या राज्याच्या कारखान्यांत स्प्रिंकलर बसवायला लावले, त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच कॅम्पसवर! नियम कारखान्यापर्यंत पोचला होता, विद्यार्थ्यांच्या खोलीपर्यंत नाही.

आणि आपल्याकडे? २४ मे २०१९ रोजी सुरतेत तक्षशिला इमारतीतल्या कोचिंग क्लासला आग लागली. जिना आगीत सापडला, मुलांनी वरून उड्या मारल्या, २२ विद्यार्थी गेले. ते व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलेत. १९११ आणि २०१९. मधे १०८ वर्षं.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं, असं त्यात आहे. कायदा हवाच. पण पर्किन्सबाईंच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आग, वायुगळती, भूकंप, चेंगराचेंगरी, नाहीतर हत्यार घेऊन आत शिरलेला माथेफिरू, संकट कुठलंही असो, त्यात कोण वाचणार हे पुष्कळसं त्या दिवसाच्या आधीच ठरलेलं असतं. कुलूप कुणी लावलं, दार कुठल्या बाजूला उघडतं, जिन्यात जुने बाक कुणी रचले, शेवटची ड्रिल कधी झाली, यावर ते ठरतं. ऐन वेळचं धाडस नंतर येतं.

म्हणून आपल्या हातातलं आपण करू. नव्या खोलीत, नव्या लॅबमध्ये गेलं की बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवायच्या, आणि एकदा तरी दुसऱ्या वाटेने खाली उतरून पाहायचं. जिन्यात पार्सलचे खोके, सायकली, मोडके ड्रॉइंग बोर्ड ठेवायचे नाहीत. धूर दिसला की आधी शेजारच्या खोल्यांना, वरच्या-खालच्या मजल्याला ओरडून सांगायचं. नववा मजला आठवा! ११२ किंवा १०१ ला फोन करायचा. धुरातून वाकून, जमिनीलगत जायचं. ट्रँगलमध्ये लिफ्टने माणसं वाचली हे खरं, पण आपण तो प्रयोग करायचा नाही. वीज गेली की लिफ्ट मधेच अडकते आणि तिच्या पोकळीत धूर भरतो. खाली आल्यावर एका ठरलेल्या जागी जमायचं आणि मोजणी करायची. सबमिशनची फाइल आणायला परत वर जायचं नाही. सबमिशन पुन्हा लिहिता येतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे!

आणि कुलूप? ते तोडायला जाऊ नका. वॉर्डन सरांशी, रेक्टर मॅडमशी वाद घालण्यातही अर्थ नाही. चोरीची, बाहेरच्यांची त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्याकडे उत्तर घेऊन जा. पॅनिक बार म्हणजे शंभराहून जास्त वर्षांचं जुनं यंत्र आहे. मेकॅनिकलच्या पोरांना त्याची यंत्रणा समजायला एक दुपार पुरे, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना दार उघडलं की वाजणारा अलार्म जोडायला एक संध्याकाळ. म्हणजे रात्री कुणी गुपचूप पसार झाला तर वॉचमनकाकांना कळेल आणि आग लागली तर कुणी आत अडकणार नाही. पाहणी करून, दारं मोजून, नकाशा काढून, रीतसर अर्ज द्या. बाईंनी वॅग्नरसाहेबांना भोकातून सरपटायला लावलं तसं जमलं नाही, तरी सरांना एकदा मागच्या जिन्याने चालत खाली न्यायला काय हरकत आहे?

जाता जाता एक सांगायचं राहिलं. ती ॲश बिल्डिंग आजही उभी आहे. तिचं नाव आता ब्राउन बिल्डिंग, आणि ती न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या ताब्यात आहे. ज्या मजल्यांवर शिलाईची यंत्रं होती, त्या इमारतीत आज केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या लॅब आहेत. म्हणजे तोही आता एक कॅम्पसच आहे, आपल्यासारखाच. तिथली पोरं रोज प्रॅक्टिकल संपवून त्याच इमारतीतून खाली उतरतात. दारं उघडी असतात म्हणून.